दिवसा राखाडी

ही जागा कुणी सुचवली नव्हती.
नकाशात मिशिगनचं एक बोट
सुपीरियर तळ्यात खोल बुडालेलं दिसलं,
त्याच्या नखाशी एक पिवळं घर,
दोन रात्रींचे नव्वद डॉलर, नाश्त्याचा जॅम धरून.

फोनवर आयली हेइक्किनेन म्हणाली,
"चुकून तर नाही ना केलंत बुकिंग?
गेल्या वर्षी एका जोडप्याला धबधबा हवा होता.
इथे धबधबा नाही.
आधीच सांगितलेलं बरं."

रेंज गेली, मग रेडिओही खरखरत गेला,
तेव्हा मागच्या सीटवरून अन्वयनं विचारलं,
तिथे पाहण्यासारखं काय आहे?
मी म्हटलं, बघू.
आईवडिलांजवळचा सगळ्यांत जुना शब्द.

गावात एक पोस्ट. एक पेट्रोल पंप, बुधवारी बंद.
तो बुधवार होता.
आणि चौकात बर्फ मोजायची काठी,
घरांच्या छपरांहून उंच,
ऑगस्टच्या उन्हात ताटकळलेली,
मोडलेल्या लग्नाच्या मांडवातल्या खांबासारखी.

आयली एकोणऐंशीची. हात पिठाचे.
खाणीचं तोंड दाखवायला स्वतःच निघाली,
वाटेत थिंबलबेरी तोडून तोंडात टाकत.
जाळीपलीकडून गार हवा येत होती,
कुणीतरी फ्रीज उघडा विसरल्यासारखी.
"रेनो शेवटच्या पाळीत वर आला,
डबा खालीच राहिला त्याचा.
तांबं आहे अजून खाली, भरपूर आहे.
वर आणणं परवडत नाही, एवढंच."
मग माझ्याकडे पाहून,
"माझंही तसंच आहे म्हणा,"
आणि एकटीच हसली.

संध्याकाळी सौना.
लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर
तिनं पळीभर पाणी टाकलं.
उसळलेल्या वाफेला तिचे आजोबा ल्योलू म्हणत,
आणि फार पूर्वी म्हणे
याच शब्दाचा अर्थ श्वास असा होता.
आम्ही तिघं घामाघूम, गप्प,
दगडांचा श्वास आत घेत बसलो.
नंतर ती तळ्यात उतरली, छातीपर्यंत, सरळ.
मी घोट्यापर्यंत गेले आणि ओरडले.

किनारा सगळा गोट्यांचा.
अन्वयनं दोनचार उचलून टाकून दिले.
"असे तर आपल्या पार्किंगमध्येही आहेत."
आयलीनं ऐकलं, उत्तर दिलं नाही.
जेवताना फक्त म्हणाली,
"झोपू नकोस. अकराला निघू."

अकराला चंद्र नव्हता.
तिच्या हातात एक जांभळी बॅटरी,
मुलानं नेवाड्याहून पाठवलेली,
तो स्वतः यायचा होता त्या वर्षी.
तिनं ती वाळूकडे वळवली,
आणि राखाडी गोटे
आतून पेटले.
नारिंगी भेगा, पिवळ्या रेषा,
फुंकर घातल्यावर राखेखालून
निखारा डोळा उघडतो, तशा.
जिथे जिथे उजेड जाई तिथे तिथे
काहीतरी आमची वाट पाहत बसलेलं.

अन्वय चकार शब्द बोलेना.
गुडघ्यांवर बसला, हात लावला,
आणि झटकन मागे घेतला, गार निघाला म्हणून.

मग बॅटरी संपली.
"दरवेळी हेच," आयली म्हणाली,
"सेल आणायला चाळीस मैल जावं लागतं."
आम्ही अंधारात उभे राहिलो,
पायाखाली ते सगळे होतेच,
पाणी त्यांच्यावरून येत होतं, जात होतं.
तिनं माझा दंड धरला.
आधाराला, की आधार द्यायला,
ते अजून उमगलेलं नाही.

निघताना तिनं जॅमची बाटली दिली,
नव्वदातले दहा परत केले
(सौनाचं लाकूड ओलं होतं म्हणून),
आणि अन्वयला म्हणाली, "एक ने. एकच.
ढीग नेलास तर पुन्हा दगड होतील."

शिकागोत आता तो दगड
बेसिनवर, टूथब्रशांशेजारी असतो.
पाहुणे विचारतात, हे काय?
अन्वय सांगतो, दगड.
बॅटरी आम्ही अजून घेतलेली नाही.