एकोणचाळीस भिंती

नकुल घरत हे नाव रंगवायला सोपं.
काना नाही, मात्रा नाही,
उकार तेवढा एक.
गेरूचा डबा घेतला की अर्ध्या तासात भिंत बोलायची.
शहाबाजपासून घणसोलीपर्यंत
एकोणचाळीस वेळा लिहिलं मी ते:
मिठागराच्या चौकीवर, मच्छीमार सोसायटीच्या गोदामावर,
ज्यांची शेतं नव्या शहरात गेली त्यांच्या पडवीवर.
खाली बारीक अक्षरात, आपला माणूस.

दिवसा ठाण्याला कोर्टनाक्यावर वकिली,
रात्री आमच्यात सुका जवळा आणि तांदळाची भाकर.
पहिल्यांदा पडले, एकशे बारा मतांनी.
दुसऱ्यांदा आमदार.
सभागृहात आमचा सातबारा फडकवला
तो फोटो अजून माझ्या ट्रंकेत आहे.

मग कधीतरी पक्ष सोडला, परत काळा कोट घातला,
आणि एका रात्री आले, गाडी लांब उभी करून.
"मोरू, हायकोर्टातून बोलावणं आहे.
जेवढ्या भिंतींवर मी आहे, तेवढ्या पूस."
चुन्याचे पैसे मोजून दिले
आणि पावती मागितली.
मी हसलो. ते हसले नाहीत.
तेव्हाच कळलं, माणूस जज्ज झाला.

पुढे आमचीच जमीन त्यांच्यासमोर लागली.
भाड्याच्या जीपने गेलो, मागच्या बाकावर बसलो.
बापू तर टोपीला नीळ देऊन आला होता.
त्यांनी फायलीवर गावाचं नाव वाचलं,
मान वर केली नाही,
इंग्रजीत तीन शब्द बोलले.
वकील म्हणाला, माझ्यासमोर नको, असं म्हणतायत.
झालं.
दुसरं कोर्ट, दुसरी तारीख, आणखी सहा वर्षं.
बापू त्या सहांत मावला नाही.
येताना वाशीच्या पुलावर कुणीतरी शिवी दिली.
मीही दिली.

परवा आले. निवृत्त.
मागे पोलीस नाही, पायात साध्या चपला.
खाडीच्या वाटेने हळूहळू चालत
माझ्या आईच्या न्हाणीमागे थांबले.
तिथे ते होते,
गेरूतले, अर्धे शेवाळात.

"ही राहिली."
"पावती अडतिसाचीच व्हती, सायेब."

चष्मा कपाळावर सरकवून वाचत राहिले,
समोरच्या पक्षाचा कागद वाचावा तसे,
पूर्णविराम शोधत.
मग बोट टेकवलं भिंतीला:
"हा घ का कलंडलाय?"

"शिरी तुमीच धरली व्हती."