रेषेच्या अलीकडे

माझा आवाज समुद्रावर घडलेला.
वीस वर्षं ट्रॉलरवर, इंजिन आणि वारा दोघांच्या वरताण
"दोर सोड!" म्हणून ओरडायचं.
नाही ऐकू गेलं तर कुणाचा तरी हात जातो.
असा आवाज घरी आल्यावर
बुटांसारखा दारात काढून ठेवता येत नाही.

फुग्लाफ्योरचं मैदान खाडीला खेटून.
चेंडू उंच गेला की थेट पाण्यात,
मग कुणाचे तरी आजोबा होडी काढतात,
आणि मुली मधल्या वर्तुळात बसून केळी खातात.
माझी रान्वा गोलकीपर. वय नऊ.
हातमोजे थोरल्या भावाचे,
बोटांची टोकं पुढे रिकामी लोंबतात.

त्या शनिवारी मी नेहमीसारखा रेषेवर.
रेषेवर म्हणजे, खरं सांगायचं तर, दीड पाऊल आत.
"डावीकडे! रान्वा, डावीकडे! अगं, पुढे ये!"
तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.
तेवढ्यात चेंडू तिच्या उजव्या हाताकडून
अगदी सावकाश,
कुंपणाचं दार उघडं सापडलेल्या मेंढीसारखा
आत गेला.

मग मी पंचावर घसरलो.
पंच म्हणजे याकुप, हानुसचा मुलगा, वय चौदा,
शर्ट गुडघ्यापर्यंत.
काय बोललो ते इथे लिहीत नाही.
बोटीवर त्याला कुणी मान वर केली नसती.
इथे सगळे आईबाप एकदम
आपापल्या थर्मासच्या तळाशी काहीतरी शोधू लागले.

सोमवारी बेकरीत, काउंटरमागे तोच.
मी दोन काळे पाव मागितले.
त्यानं तीन बांधले, मग एक काढला, मग कान लाल.
सुटे पैसे माझ्या हातात न देता
काचेवर ठेवले. एकेक नाणं.
थंडीनं जाड झालेल्या माझ्या बोटांना
ती उचलायला फार वेळ लागला.
मागे रांग होती.

रात्री रान्वाला विचारलं,
"मी ओरडतो, ते तुला ऐकू येतं का नीट?"
ती पावाची कड कुरतडत म्हणाली,
"शब्द नाही येत, बाबा. वारा असतो ना.
तू रागावलायस, एवढंच येतं."

पुढच्या शनिवारी लवकर गेलो.
याकुप गोलपोस्टची जाळी तपासत होता.
"चुकलो मी," म्हणालो.
"बरं," म्हणाला, आणि जाळीच तपासत राहिला.
खालची एक गाठ ढिली होती.
ती मी बांधून दिली. तेवढं मला येतं.

खेळ सुरू झाल्यावर
वाळवलेल्या माशाचा एक चिवट तुकडा तोंडात धरला
आणि दोन पावलं मागे सरलो.
तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं,
मैदानात त्यांचं त्यांचं बोलणं चालू असतं:
"माझा!" "सोड, माझा!" "मागे आहे मी, मागे!"
एकीनं पडलेल्या दुसरीला विचारलं, "लागलं?"
आणि ती दुसऱ्या संघाची होती.

तीन गोल खाल्ले आम्ही.
शेवटी रान्वा धावत आली,
मोज्यांना हिरवे डाग.
"बघितलास? चौथा?"
चौथा तिनं अडवला होता. पोटानं, चुकून, पण अडवला.
पाय कसे ठेवायचे, नजर कुठे,
माझ्याकडे बरंच काही तयार होतं.
माशाबरोबर गिळलं.
"बघितला," म्हणालो.

वारा आमच्याकडून मैदानाकडे वाहत होता.
त्याच्या हाती मी काही दिलं नाही.