नेढं

चौथीही मुलगीच झाली, तेव्हा बाप म्हणाला, पुरे.
म्हणून नाव ठेवलं इतिश्री.
बरपालीत त्याचं कुणाला काही वाटत नाही.
मीच आपला मराठीत अडखळलो:
कर्जाच्या अर्जावर, प्रवर्तकाच्या रकान्यात
"इतिश्री",
म्हणजे प्रकरण उघडायच्या आधीच मिटलेलं.

वय सव्वीस. तारण: एक स्कूटी,
आणि आईचा माग, जो आता फक्त धूळ विणतो.
धंदा: चष्मे.
नव्वद रुपयांचे, वाचायचे,
वाचता न येणाऱ्यांसाठी.

तपासणीला गेलो तेव्हा वैशाख होता.
स्कूटीवर तिच्या मागे मी,
मांडीवर चष्म्यांचा पत्र्याचा डबा,
कालव्याच्या कडेने गावामागून गाव.
ती अक्षरांचा तक्ता लावत नाही.
हातात सुई देते, आणि दोरा.
"ओवा."
माणूस दोऱ्याचं टोक ओठात ओलं करतो,
सुई लांब धरतो, आणखी लांब,
हात संपतो, नेढं सापडत नाही.
मग ती एकेक भिंग चढवते नाकावर,
ज्यातून दोरा पार होईल
तो त्याचा नंबर.
वहीत लिहिते: दीड. दोन. अडीच.

पहिल्या वर्षी बुडाली होती.
तिनेच सांगितलं, पखाळ खाताना, हिरवी मिरची चावत.
चारशे चष्मे, काड्या उन्हाने वाकल्या,
आणि बायकांनी एकही घेतला नाही.
सासऱ्यासमोर चष्मा? मास्तरीण झालीस काय?
गाठी मात्र बायकाच बांधतात,
सुताच्या लडीवर, जिथे रंग पोचू नये तिथे,
हजारो,
पस्तिशीपर्यंत डोळ्यांनी, पुढे अंदाजाने,
आणि शेवटी नुसत्या बोटांच्या आठवणीने.
"मग काय केलंस?"
"आधी सासवांना दिले. फुकट."
माझ्या तक्त्यात फुकटाला रकाना नव्हता.

खगेश्वर मेहेर, एकसष्ट.
अडीचच्या भिंगातून दोरा पहिल्या खेपेला पार.
नातीकडे पाहिलं त्याने, मग स्वतःच्या तळहाताकडे,
मग उठून आतून साडी आणली,
गेल्या महिन्यातली, व्यापाऱ्याने न्यायची राहिलेली.
पदरावर माशांची रांग.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
चष्मा काढला, काड्या मिटल्या,
आणि तिच्या हातात परत दिला.
तो काय म्हणाला ते तिने मला हिंदीत सांगितलं,
तसं मला कळलंच होतं:
"सात वर्षं मी असे मासे विकले.
कुणी बोललं का नाही?"

माशांना डोळे होते,
डोळ्यांच्या जागी नव्हते.
एकाचा शेपटीशी. एकाचा बाहेर, पाण्यात.

ती समजावत बसली नाही.
उंबऱ्यावर टेकली, नातीने आणलेलं पाणी प्यायली,
वहीत त्याच्या नावापुढे नंबर लिहिला,
पैसे लिहिले नाहीत.
निघताना चष्मा मागावर ठेवला, फणीशेजारी,
विसरल्यासारखा.
बऱ्याच अंतरानंतर, स्कूटीच्या आवाजावरून ओरडून म्हणाली,
"परत देणारे थोडेच असतात.
पण ते चांगले विणकर असतात."

रात्री लॉजवर अहवाल काढला.
वसुली: चौसष्ट टक्के.
जोखीम: मध्यम.
समाजावरील परिणाम, कृपया एका ओळीत:
इथे पेन थांबलं.
सात वर्षांचे मासे एका ओळीत कसे बसवू,
ते कुठल्या कुठल्या शहरांत, कुणाकुणाच्या खांद्यावरून
पोहत असतील आत्ता, आंधळे, सुंदर.
कागद लांब धरला. आणखी लांब.

सकाळी बसस्टँडवर निरोपाला आली
आणि पर्समधून सुई काढली.
"ओवा."
मी हसलो. ती हसली नाही.
चहावाल्यासमोर, कंडक्टरसमोर,
त्रेचाळीस वर्षांचा मी ओठात दोरा धरून उभा.

नंबर सव्वा.
सुटे नव्हते, शंभर दिले.
तिने दहा मोजून परत केले,
पावती फाडून दिली.
पावतीवर माझं आडनाव चुकलं होतं,
ते मला लख्ख दिसलं.