जाळरेषा

फाउंडेशनने दिलेले गमबूट चांगले आहेत.
हे आधीच सांगते, नाहीतर कृतघ्न म्हणाल.
अकरा जोड नीट,
आणि एका खोक्यात दोन्ही डावे.

येऊरच्या उतारावर जानेवारी सरताना
गवत इतकं वाळतं की हातच कापतं.
पाटोणापाड्याच्या वरून कोरड्या ओढ्यापर्यंत
आम्ही चार हात रुंद पट्टा मोकळा करतो,
पाचोळा ओढतो, कडेला रचतो.
बोलावणं कुणाला नसतं.
यायचं, वहीत नाव लिहायचं, कोयता घ्यायचा.

ती वही दोनशे पानी,
अल्ताफने वसंत विहारमधून आणलेली.
कोण आलं, कुठे जळलं,
कोणाचे चहाचे राहिले,
सगळं तिच्यात.

परवा मोडकबाई आल्या. हातात छापील कागद.
वही कार्यालयात जमा करावी.
गटाचं नाव यापुढे सोबतच्या नमुन्याप्रमाणे.
काम रविवारी, जाकीट घालूनच.
बाई वाईट नाहीत. पाण्याचा जार
स्वतः उचलून चढ चढल्या होत्या.
त्यांनाही वरून कुणी विचारत असणार.

बारकू भोये कागदाकडे न बघता म्हणाला,
"ताई, आग वार बघून लागत नाय.
माझा बा ओली डहाळी घेऊन धावायचा,
तेव्हा कसला गट नि कसलं नाव."

रात्री दिव्याच्या खांबाखाली बसलो.
अल्ताफ म्हणाला, ब्लोअर कोण देईल मग?
खरं होतं. कुणी उत्तर दिलं नाही.
डास मात्र भरपूर होते.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
बूट, ब्लोअर, जार तुमचे,
मागाल तेव्हा धुऊन परत.
वही, नाव आणि वार आमचा.
खाली सह्या, हिरुबाईचा अंगठा.

मोडकबाईंनी दोनदा वाचलं.
"हे मी वर कसं सांगू?"
ते आम्हालाही सुचलं नाही.
मी त्यांना पट्टा दाखवला.
म्हटलं, बाई, हे काढताना
कुठल्याच गवताशी आमचं भांडण नसतं.
अलीकडचं राहतं, पलीकडचं राहतं,
मधली जागा तेवढी कुणाची नाही.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
पटलं की दमल्या होत्या, कळलं नाही.

मंगळवारी पहाटे चारला धूर दिसला.
अंधारात हाताला आलं ते खोकं उघडलं,
दोन्ही डावे घातले
आणि पळाले.