हाकेला ओ : दहापैकी

बूट पुसून आलो होतो, परीक्षक म्हणून,
खिशात तीन फिती.
वायरोआच्या शाळेमागे ऑक्टोबरचं गवत अजून ओलं.

मेरेआनाने दोरी सोडली, वीस पावलं मागे गेली,
हाक मारली.
कोकरू हललंच नाही.
मग हललं, ते थेट केकच्या टेबलाकडे.
लोक हसले. तीही हसली, जरा उशिराने.

काय शिकलीस, मी विचारलं. विचारावं लागतं.
म्हणाली, दूध आधी मनगटावर टाकून बघायचं.
पहाटे तीनला उठायचं, दिवा न लावता;
दिवा लावला की सगळीच ओरडतात.
डाव्या कुशीवर टिचकी मारायची,
ढोलासारखी वाजली तर बाबांना उठवायचं, लगेच.
याच्या भावाच्या वेळी मला माहीत नव्हतं.

मी कागद पाहिला.
चाल. लोकर. हाकेला ओ.
भावासाठी रकाना नव्हता.

लाल फीत जेथ्रोच्या कोकराला बांधली, बेरजेप्रमाणे.
ते ती चावायला लागलं.
टाळ्या चालू होत्या. मेरेआना धावली,
दाढेमागे बोट घालून फीत अलगद ओढली,
"पोटात अडकते," म्हणत
जेथ्रोच्या हातात ठेवली, लाळेने ओली,
आणि आपलं कोकरू शोधत
केकच्या टेबलाखाली वाकली.