पायाखालचं वर्तुळ

खेळात पाऊल टाकलं की
पायाखाली एक पांढरं वर्तुळ उमटतं.
गवतावर बशीएवढं,
खड्यांवर सायकलच्या चाकाएवढं,
वाळक्या काटकीवर पाय पडला
तर थेट गुहेच्या तोंडापर्यंत पसरतं
आणि सिंहीण मान वळवते.

आवाज असा दिसतो, हे मला
सतराव्या वर्षी कळलं.
आजवर लोक नुसते सांगायचे:
दार हळू लाव, चमचा आपटू नको,
खुर्ची ओढू नको, उचल.
मी मान हलवायची.
न चाखलेल्या सुपात मीठ जास्त झालंय
असं कुणी म्हणावं, तसं ते सगळं.

चाळीस हजार वर्षांपूर्वीची ती बाई.
तिला नाव नाही, बनवणाऱ्यांनी ठेवलंच नाही.
अंगावर रेनडिअरचं कातडं,
कमरेला गारगोटीचं पातं.
तिची टोळी नदीपलीकडे,
मध्ये सिंह, अस्वलं आणि दुसरी माणसं.
सिंह वास घेतो. वारा कुठून येतो
ते गवताचे शेंडे सांगतात,
तेवढं मला वाचता येतं.
माणसं मात्र कानोसा घेतात.

टाच आधी नाही.
आधी पावलाची बाहेरची कड,
मग चवडा, मग सगळा भार.
बटण दाबून धरलं की ती श्वास रोखते,
मीही.
भाला आहे माझ्याकडे.
एकदाही फेकलेला नाही.

आमच्या खाली फ्राऊ हेबर्ले राहतात.
मी चालले की त्या
झाडूच्या दांड्याने छत ठोकतात.
मला ऐकू येत नाही, तळव्यांना येतं:
तीन ठोके, मध्ये दम.
भिंतींना कान असतात म्हणे.
मग आमच्या घरात माझ्यापेक्षा
भिंतीच बऱ्या.

शाळेने ब्लाउबॉयरेनच्या संग्रहालयात नेलं होतं.
गिधाडाच्या हाडाची बासरी, पाच भोकं,
इथल्याच डोंगरातून निघालेली.
सगळ्यांनी कानाला यंत्रं लावली.
योर्नने डोळे मिटले, उगाच.
मी काचेवर तळहात टेकला.
रखवालदार हातवारे करत आला तेव्हा काढला;
काचेवर पाच बोटांची वाफ राहिली
आणि तिच्यामागे पाच भोकं.
काचेआड ती सगळ्यांसाठीच मुकी होती,
असं मी वहीत लिहिलं.
बाईंनी खाली लाल शाईने ‘छान’ म्हटलं.

मार्चमध्ये मी दुसऱ्या माणसांच्या तळावरून गेले.
सात जण, विझत आलेली शेकोटी,
एक म्हातारी जागी.
वर्तुळ नखाएवढं.
चाळीस पावलांना पंचवीस मिनिटं लागली.
म्हातारीने पाहिलं. मला खात्री आहे.
ओरडली नाही.
आंको म्हणाला, असं काही खेळात नाहीये,
कुठेतरी चूक राहिली असेल,
पुढच्या दुरुस्तीत जाईल.

त्या रात्री पाणी प्यायला उठले
आणि स्वयंपाकघरापर्यंत तिच्यासारखी गेले.
बाहेरची कड, चवडा, भार.
मग रोजच.
चार दिवस माझ्या तळव्यांना
कुणी हाक मारली नाही.
आईने हातांनी विचारलं, बरं नाहीये का?

पाचव्या संध्याकाळी
मी सोफ्यावर होते, पाय जमिनीला टेकून,
हलतसुद्धा नव्हते.
तीन ठोके. मध्ये दम.
मी काही केलं नव्हतं.
थोड्या वेळाने पुन्हा.
या वेळी दोनच, आणि दम जास्त.

कंट्रोलर खाली ठेवला.
ती बाई तशीच झुडपात बसून राहिली,
सिंहीण चार हातांवर.

मी मधोमध उभी राहिले
आणि टाच आपटली.
केवढं झालं असेल वर्तुळ.
निदान एका मजल्याएवढं.