ओझ्याची गाठ

मागच्या वेळी भिंत आत पडली.
आत म्हणजे, बहीण झोपली होती तिथं.
फोर्तुनाता एवढंच सांगते
आणि पुन्हा बटाटे सोलायला लागते.

वायरापाता गावात घरं मातीचीच.
उन्हात वाळवलेल्या जाडजूड विटा, थंडी अडवणाऱ्या.
सिमेंटची गाडी अँडीजचा घाट चढून येईतो
भाव दुप्पट होतो
आणि गोण्या निम्म्या फुटलेल्या.

म्हणून आरेकिपाहून आलेल्या निल्दानं
सिमेंट आणलं नाही, दोर आणला.
नायलॉनचा, पांढरा, होड्यांच्या शिडांना असतो तसला.
भिंतीला भोकं पाडायची,
एक दोर आडवा, एक उभा,
आतला बाहेरच्याला गाठायचा,
चारी भिंतींच्या डोक्यावर लाकडाची एकच चौकट.
"म्हणजे एक भिंत चालायला लागली
तर बाकीच्या तिघी तिचा हात सोडणार नाहीत."

म्हातारा मेल्चोर कुंपणावर बसून हसला,
"घर काय गाढव आहे, दोरानं आवळायला?"

फोर्तुनाता उठली.
सतरा वर्षं तिनं गाढवांवर मीठ लादलं होतं,
खिंडीपल्याड नेलं होतं,
एक पोतं दरीत गेलं नव्हतं.
निल्दाची गाठ तिनं नुसती बोटानं हलवली.
सुटली.
"ही पुस्तकातली. ओझं हललं की सैल होते.
आमची बघ.
ओझं हललं की आवळते."

निल्दानं तीनदा पाहिली, चौथ्यांदा घातली.

घर बांधलं, घर बांधलं म्हणतो आपण.
नुसतं रचलेलं असतं.
बांधायचं राहूनच जातं.

मग दोरावर गिलावा बसला,
घर परत घरासारखं दिसायला लागलं.
कपाट भिंतीला जखडलं.
खाटेखाली बूट, डाव्या बुटात शिट्टी.
नातवाला, येर्सनला, ती रोज वाजवायची असते;
रोज ओरडा खातो, रोज वाजवतो.
डोळ्यांवर फडकं बांधून
गॅसची कळ चाचपायचा सराव.
"आजी, किती मोजायचं?"
"मोजायचं नाही. बटाट्याच्या वाफ्यात जायचं."

फेब्रुवारीत, अल्पाकांच्या विणीच्या दिवसांत,
पहाटे कुणी सूप पाखडावं तशी जमीन हलली.

वाफ्यात उभं राहून येर्सननं शिट्टी वाजवली.
त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

उजाडल्यावर तडा दिसला,
खिडकीच्या कोपऱ्यापासून पार छतापर्यंत,
बोट जाईल एवढा.
तिनं बोट घातलं.
आत दोर लागला, ताठ.
बराच वेळ तिनं बोट काढलं नाही.
बहिणीची खाट याच भिंतीला लागून असायची.

मेल्चोरचं घर गेलं.
तो वाचला, त्यात शहाणपण काही नव्हतं;
कुरणात एक अल्पाका अडली होती, तो तिथं होता.

दुपारी आला. टोपी हातात.
घराबद्दल चकार शब्द नाही.
पिल्लाबद्दल बोलला: पांढरं आहे,
एक कान काळा आहे, उभं राहतंय.
फोर्तुनातानं सूप वाढलं. त्यानं प्यालं.
जाताना दाराच्या चौकटीवर तळवा टेकून,
तिच्याकडे न बघता म्हणाला,
"तो दोर… मीटरला काय पडतो?"

"आधी विटा पाड," ती म्हणाली.
"गाठ तुला येते.
विसरला असशील."